लाल तिकीटवाली

कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतात, आम्हा क्री आदिवासींसाठी सरकारने राखून ठेवलेल्या वस्तीवर, जानेवारीची ती सकाळ इतर सकाळींसारखीच उजाडली. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाचा थर धरला होता, शेगडीत पॉप्लरची लाकडे तडतडत होती आणि हिल्डा बिडाच्या तव्यात बॅनकची जाड भाकरी भाजीत होती. शेगडीलगतच्या खाटेवर तिची नणंद फिलोमेन उशीला टेकून हा सोहळा पाहत होती. छातीच्या दुखण्याने तिचा देह वाळक्या काटकीसारखा झाला होता. जिव्हा मात्र निरोगी होती.

"वैनी, भाकरी उलटतेयस की खोगीर?"

"खायची तर खा, वन्सं. नाहीतर सरकारला कळवते, पाहुणी फार दिवस राहिलीय म्हणून."

दोघी हसल्या, पण हसण्याचे कारण हसण्याजोगे नव्हते. हिल्डा ही जवळच्या गावातील जर्मन शेतकऱ्याची कन्या, निळ्या डोळ्यांची आणि पिंगट केसांची. अँब्रोसशी तिचा विवाह झाला त्या दिवसापासून ती कायद्याने इंडियन, म्हणजे येथील मूळ रहिवासी, झाली. फिलोमेन ही अँब्रोसची थोरली बहीण, याच टेकडीच्या पायथ्याशी क्री मातापित्यांच्या पोटी जन्मलेली. नॉर्वेहून आलेल्या थॉरवाल्ड नावाच्या रेल्वे-कामगाराशी तिने विवाह केला आणि त्या दिवसापासून कायद्याने ती इंडियन उरली नाही. पुरुषाने कोणाशीही लग्न करावे, त्याचे काही जात नसे. स्त्रीचे मात्र कुळ, भूमी आणि स्मशानसुद्धा जाई. पूर्वी अशा स्त्रियांना ओळखीसाठी लाल रंगाचे कार्ड मिळे. पुढे सरकारच्या इंडियन खात्याने तेही काढून घेतले, परंतु नाव मागे राहिले. दुकानाच्या रांगेत फिलोमेन उभी राहिली, की मागून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणे, "लाल तिकीटवाली आली बघ."

हे म्हणणारे कोणी परके नव्हते. लेक म्हणजे परक्याचे धन, हे आमच्या पूर्वजांच्या स्वप्नातही आले नव्हते. त्या काळी जावईच सासऱ्याच्या तळावर येऊन राही आणि शिकार करून त्याचे घर भरी. कायदा आला तो पाहुण्यासारखा ओसरीवर बसला, आणि तीन पिढ्यांत आम्हीच त्याला घरधनी केले.

थॉरवाल्ड वारल्यावर, गेल्या पानगळीत, फिलोमेन भावाकडे आली. तिला एकच गोष्ट हवी होती: टेकडीवर, आईच्या डाव्या कुशीला, विसावा. कुटुंबाने ती जागा हिल्डासाठी राखून ठेवली होती. हिल्डाने ती तत्काळ देऊ केली. आपल्याला काही एवढी घाई नाही, असे ती म्हणाली. त्यावर फिलोमेनने तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

"तू देशील गं. तुझं सरकार देईल का, ते विचार."

अँब्रोस विचारावयास गेला. वस्तीचा प्रमुख इझिडोर हा त्यांचा चुलतभाऊ. लहानपणी याच फिलोमेनने त्याला पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती, हे तो विसरला नव्हता. तो दुष्ट नव्हता, भ्यालेला होता. वस्तीवर घरे थोडी आणि एकेका घरात तीन तीन कुटुंबे. नोंद नसलेल्याला थारा दिला तर घरांचा निधी अडेल, असे खात्याच्या अधिकाऱ्याने बजावले होते.

"एकीला माती दिली, की दुसरी छप्पर मागेल," इझिडोर म्हणाला. "ते मी कुठून आणू?"

"दादा, मेलेली बाई छप्पर मागत नाही."

"तिची पोरं मागतात."

मग त्याने अँब्रोसच्या पेल्यात पुन्हा चहा ओतला आणि तो गवताच्या गंजींविषयी बोलू लागला. तोंडावर नकार देणे आमच्यात असभ्य मानतात; दुसरा पेला आणि दुसराच विषय, हाच आमचा नकार. अँब्रोसला हे पुरते ठाऊक होते. तरी घरी येऊन त्याने सांगितले, की दादा नाही म्हणाला नाही. ते शब्दशः खरे होते. फिलोमेनने डोळे मिटले आणि त्या रात्री ती पहिल्यांदाच शांत निजली.

फेब्रुवारीत ती गेली. अँब्रोसने कोणालाही न विचारता टेकडीवर जाऊन आईच्या डाव्या बाजूचा बर्फ बाजूला सारला आणि त्या जागी पेंढा व लाकडे पेटविली. हिवाळ्यात आमची भूमी पाषाणासारखी होते. आधी ती विस्तवाने मऊ करावी लागते, तेव्हा कुठे कुदळ आत जाते. तो आणि शेजारी आळीपाळीने जाळ राखीत होते. त्याच्या मनात एक जुनी श्रद्धा होती. आई म्हणत असे, उघडलेली भूमी रिकामी मिटू नये, ती दुसऱ्या कोणाला तरी बोलावते. खड्डा एकदा तयार झाला, की तो बुजविण्याचे धाडस वस्तीच्या पंचांना व्हायचे नाही, असे त्याला वाटले.

इकडे घरात लोक जागरणाला जमले. सूप आले, चहाची भांडी उकळत राहिली. दुकानाच्या रांगेत कुजबुजणाऱ्या स्त्रियाही आल्या आणि मनापासून रडल्या. दुसऱ्या दिवशी शवपेटी टेकडीवर नेली, तेव्हा इझिडोर दोन पंचांसह आधीच तेथे उभा होता, टोपी हातात घेऊन. खाली रस्त्यावर खात्याच्या अधिकाऱ्याची मोटार इंजिन चालू ठेवून थांबली होती. तो खाली उतरला नाही. त्याची आवश्यकताही नव्हती.

इझिडोर सांगू लागला. वाक्य पुरे होईना. तेव्हा हिल्डा पुढे झाली.

"ही जागा माझी आहे ना?"

"तुझी."

"मग माझ्या जागेत कोणाला ठेवायचं, ते मी सांगते."

"तू इंडियन आहेस म्हणून ती तुझी, वैनी," इझिडोर खाली पाहत म्हणाला. "तुझ्यापुरती. तिला देता येत नाही."

"तुम्हाला पाठीवर घेऊन नदी कोणी ओलांडली, दादा? मी?"

अँब्रोसने आईचे वचन ऐकविले. ते ऐकून वृद्धांनी माना हलविल्या, दोन्ही पंच एक एक पाऊल मागे सरले आणि क्षणभर असे वाटले की जुनी श्रद्धा नव्या कायद्याला जिंकील. परंतु इझिडोरने टोपी डोक्यावर घातली, फावडे उचलले आणि तो एकटाच रिकाम्या खड्ड्यात माती लोटू लागला. माती अजून उबदार होती. तिच्यातून वाफ निघत होती. तो रडत होता, पण थांबला नाही.

गावातील दफनभूमी गोठलेली होती आणि तेथे जाळ लावून खणण्याची रीत नव्हती, म्हणून फिलोमेनला अंत्यविधीवाल्याच्या थंड कोठडीत वसंताची वाट पाहत राहावे लागले. बर्फ वितळल्यावर अँब्रोस आणि हिल्डा गावात गेले. दफनभूमीचा राखणदार चांगल्या मनाचा गृहस्थ होता. त्याने हॅट काढून दुःख व्यक्त केले. शवपेटीवर ठेवलेले फिलोमेनचे छायाचित्र पाहिले आणि तो त्यांना पार टोकाला, तारेच्या कुंपणापाशी घेऊन गेला. तेथे नावे नसलेले लाकडी क्रूस ओळीने कलले होते.

"इंडियनांची ओळ इथे असते," तो म्हणाला.

"सरकार म्हणतं, ती इंडियन नाही," हिल्डा म्हणाली. "म्हणून तर तिला इथे आणलं."

"अहो बाई," राखणदार मृदू स्वरात म्हणाला, "चेहऱ्यावरून कळतं की."

तिला तेथेच पुरले. माती टाकून झाल्यावर हिल्डाने विचारले, की शेजारची जागा आपल्यासाठी राखून ठेवाल का. राखणदार गोंधळला. तुमच्या माहेरची माणसे वर, चर्चच्या बाजूला, लायलॅकच्या झुडपांखाली आहेत. तुमची जागा तेथे, असे तो समजावू लागला.

"नाही," हिल्डा म्हणाली. "मी इंडियन आहे."

राखणदाराने तिच्या निळ्या डोळ्यांकडे पाहिले आणि तो मनमोकळेपणाने हसला. बाई दुःखातही विनोद करते, याचे त्याला कौतुक वाटले. हिवाळ्यापासून न हसलेला अँब्रोसही हसू लागला. हसता हसता त्याने कुंपणाचा खांब दोन्ही हातांनी धरला, आणि राखणदार निघून गेला तरी तो सोडेना.