बावीस, मॅग्नम की सतरा

"सतराची गोळी एवढीशी, जवाच्या दाण्याएवढी," लॅन्स म्हणाला, "पण जाते ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ. मॅग्नमची जड. लांबवर जरा खाली येते, पण बसली की बसली. तुला काय वाटतं, पोरी?"

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले आणि हातातला ससा उलटा केला.

टेबलाच्या एका टोकाला माझा नवरा पोलिसांचा अर्ज घेऊन बसला होता, दुसऱ्या टोकाला मी ससे सोलत होते. आमच्याकडे बंदूक आधी घ्यायची आणि मग कळवायचं, असं चालत नाही. कोणत्या मापाची, कशासाठी, कोणाच्या रानात, हे आधी लिहून द्यायचं. परवान्यावर तो आकडा चढून आला की मगच दुकानाची पायरी चढायची. लॅन्सच्या परवान्यावर चाळीस वर्षं एकच आकडा होता: पॉइंट बावीस, सशांसाठी. आता त्याला कोल्ह्यांसाठी दुसरी बंदूक हवी होती, आणि सतरा की जास्त दारूची मॅग्नम, हे ठरत नसल्यानं तीन आठवडे अर्जातली तेवढी एक जागा कोरी होती.

ससा मी उलटा केला, कारण गोळी त्याच्या पोटात लागली होती. आतलं सगळं फुटून मांस हिरवं पडलं होतं. जखम माझ्या बाजूला राहील असा तो धरला आणि लॅन्सचं लक्ष नाही असं पाहून बादलीत टाकला.

हे मी दोन हिवाळे करत होते.

लॅन्स डॉड्स म्हणजे स्कॉटलंडच्या सीमेवरच्या चेविअट डोंगरांच्या पायथ्याशी सात शेतांचा ससेवाला. गवत सशांनी कुरतडलं, बांध पोखरले, की त्याला निरोप यायचा. लग्नाआधी तो आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा फुलं नाही, सशांची जोडी घेऊन आला होता. माझ्या आईनं दोन्ही सशांचे कान मागे करून पाहिले. दोघांनाही कानामागे एकेक बारीक भोक, बाकी अंगाला ओरखडाही नाही. आई नंतर मला म्हणाली, "मुलगा दिसायला काही खास नाही, पण वाया घालवणारा नाही." त्यावर आमचं लग्न ठरलं म्हटलं तरी चालेल.

तेव्हापासून त्याचा प्रत्येक ससा माझ्या हातून गेला. भोक कायम कानामागे. बर्फात, पावसात, ताप अंगात असताना मारलेला असो, कानामागेच. मग एका नोव्हेंबरात मला मानेत भोक दिसलं. मग खांद्यात. नाताळच्या सुमाराला फऱ्यात. मी काही बोलले नाही. म्हटलं, होतं कधीतरी. खाटीक हेरॉन माझ्याकडूनच जोड्या घ्यायचा. त्याला मी चांगले तेवढे द्यायचे. उरलेले परसात लीकच्या, म्हणजे जाड दांड्याच्या पातीकांद्याच्या, वाफ्याखाली पुरायचे. त्या वर्षी आमचे लीक मनगटाएवढे जाड झाले आणि गावच्या प्रदर्शनात लॅन्सला दुसरं बक्षीस मिळालं. त्यानं महिनाभर सगळ्यांना आपल्या खताचं गुपित सांगितलं नाही. त्यालाच ते ठाऊक नव्हतं.

म्हणजे त्याच्या लेखी ससे ठीकच पडत होते. चुकत होते ते फक्त कोल्हे.

कोल्ह्यांचं काम नॅन्सी चार्लटनचं होतं. वरच्या वाडीतली, चाळिशीची, नवऱ्यामागे एकटीनं तीनशे मेंढ्या सांभाळणारी. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि एक कोल्हा रोज पहाटे येऊन नुकतं जन्मलेलं कोकरू उचलत होता. लॅन्स तीन पहाटे तिच्या दगडी बांधाआड बसला. चार गोळ्या झाडल्या. एकदा कोल्हा कळवळून उडाला आणि तसाच पळाला.

"लागली होती," लॅन्स नॅन्सीला सांगत होता. ती आमच्या दारात चिखलाचे बूट घालून उभी होती, आत यायला तयार नव्हती. "बावीसमध्ये जोर नाही. सशाला पुरते, कोल्ह्याला नाही."

"लॅन्स, तुम्ही याच बावीसनं माझ्या सासऱ्यांच्या वेळी कोल्हे मारलेत."

"ते जवळून."

"हाही काही स्कॉटलंडात नव्हता. मला बांधावरून दिसत होता." मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "नवीन घ्या, जुनी घ्या, तुमचं तुम्ही बघा. पण आठवड्यात जमलं नाही, तर दरीपलीकडच्या त्या बार्करला बोलवावं लागेल. रात्री गाडीवर दिवा लावून कोल्हे टिपतो तो."

"बार्करला मेंढी आणि कोल्हा यातला फरक कळतो का?"

"नाही कळला तर दोन्हीची भरपाई घेईन," नॅन्सी म्हणाली. हसली नाही.

ती गेल्यावर लॅन्स बराच वेळ दारातच उभा होता. तिनं बार्करला आणलं की बाकीची सहा शेतंही त्याच्याकडे जाणार, हे त्याला सांगायची गरज नव्हती. मीही बोलू शकले असते. त्याच दारात, तेव्हाच. मी चहा ठेवला.

शनिवारी आम्ही गावात रोली स्टोरीच्या बंदुकांच्या दुकानी गेलो. रोलीनं गल्ल्यावर तीन काडतुसं उभी केली, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेच्या फोटोसारखी.

"आधी सांग, ससा खायचाय की कोल्हा मारायचाय?"

"दोन्ही."

"मग दोन बायका कर."

"एक आहे ती सोलून देते, तेवढं पुरे."

शेगडीपाशी बसलेले दोन म्हातारे हसले. त्यातला एक म्हणाला, "सतरा घे. माझा जावई सव्वाशे पावलांवरून कावळा पाडतो."

"तुझ्या जावयानं पाडलेला कावळा मी पाहिलाय," रोली म्हणाला. "तीन दिवस आधी मेलेला होता. हे बघ लॅन्स, सतरा सपाट जाते, खरंय. पण वारा आला की ती आमच्या मेव्हण्यासारखी. घरून निघाली म्हणजे पोचेलच असं नाही. आणि सशाच्या डोक्याला लागली नाही तर मांसाचा चेंदा. मॅग्नम कोल्ह्याला बरी, पण आवाज करते. एका सशामागे बाकीचे सगळे बिळात."

"म्हणून तर ठरत नाही."

"मग मार आणि ठरव. चल मागे."

दुकानामागच्या कुरणात रोलीची चांदमारी होती. पन्नास पावलांवर फळी, फळीवर कागद, कागदावर मुरंब्याच्या बाटलीच्या झाकणाएवढा काळा ठिपका. मागे मातीचा उंच बांध. लॅन्स पोत्यावर कोपर टेकून पालथा पडला. ते पडणं मला पाठ होतं: आधी डावं ढोपर, मग कुशीवर, मग दस्ता गालाला. त्यानं मॅग्नमच्या पाच गोळ्या झाडल्या, मग सतराच्या पाच. रोली कागद काढायला गेला आणि फळीपाशी जरा जास्तच वेळ थांबला. परत येताना त्यानं कागदांची घडी केली होती.

"वारा फिरतोय आज," तो म्हणाला.

खांबावरचं निशाण ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं.

"वारा नाहीये, रोली," लॅन्स पडल्या पडल्याच म्हणाला. "मला गालाला कळतं. आण इकडे."

रोलीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. लॅन्सनं घडी उलगडून कागद तोंडाशी नेला, मान वाकडी करून, कोंबडी दाणा बघते तसा. दहा भोकं कागदभर विखुरली होती. ठिपका कोरा होता.

"माझी आण गाडीतून."

त्यानं स्वतःच्या बावीसमधून पाच झाडल्या. या वेळी तो रोलीसाठी थांबला नाही, आपणच फळीपर्यंत चालत गेला आणि भोकं बोटांनी चाचपली. परत आला तेव्हा चेहरा साधा होता, दुकानात काही विचारायला आल्यासारखा.

"हिनं पण तसंच," तो म्हणाला. "म्हणजे बंदूक नाही." मग माझ्याकडे वळला. "ससे कसे येत होते, पोरी?"

रोली उगाच काडतुसं डबीत भरू लागला.

"इसोबेल. तुझ्या हातून गेलेत सगळे. कुठे लागत होती?"

"पोटात," मी म्हणाले. "बहुतेक पोटात. मागचा हिवाळा आणि हा."

"हेरॉन काही म्हणाला नाही?"

"त्याला चांगले तेवढेच द्यायचे."

"आणि बाकीचे?"

"लीकखाली."

"म्हणजे लीकसुद्धा माझे नाहीत," तो म्हणाला.

मला वाटलं तो हसेल. रोलीलाही तसंच वाटलं असावं, कारण तो तोंड उघडून थांबला. लॅन्स हसला नाही.

"मधलं जातं," त्यानं रोलीला सांगितलं, माझ्याकडे न बघता. "कोणी ओल्या बोटानं पुसल्यासारखं. कडेचं सगळं दिसतं. बांध दिसतो, गवत दिसतं. जिथे बघतो तेवढंच जातं. मला वाटलं बंदुकीवरच्या दुर्बिणीची काच धुरकटलीय. दोनदा बदलून घेतली तुझ्याकडून."

"घेतलीस," रोली म्हणाला. "मी विचारायला हवं होतं."

"तू दुकानदार आहेस."

परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला. "मी कधी जनावर जखमी सोडलं नव्हतं. नॅन्सीचा तो कोल्हा कुठेतरी गोळी घेऊन हिंडतोय. तू पहिल्याच सशाला सांगितलं असतंस, तर तो हिंडला नसता."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार. मला वाटलं होतं मी त्याचं काहीतरी राखते आहे. ते काय होतं, हे आज इतक्या वर्षांनीही मला नीट सांगता येणार नाही.

रविवारी उजाडायच्या आत तो उठला आणि हात रिकामे ठेवून वरच्या वाडीकडे निघाला. मी शाल गुंडाळून मागे गेले. त्यानं नको म्हटलं नाही. नॅन्सी कुरणाच्या फाटकाशी कंदील घेऊन उभी होती. त्यानं तिला सगळं स्वतःच सांगितलं, आवाज न चढवता, न उतरवता.

"बार्करला बोलाव," शेवटी म्हणाला.

"तो बुधवारशिवाय यायचा नाही."

"तोवर मी बसतो. माणसाचा वास आला तर येणार नाही, कदाचित."

नॅन्सीनं त्याला बसायला एक रिकामं पोतं दिलं आणि ती खालच्या गोठ्याकडे गेली, तिथे एक मेंढी अडली होती.

आम्ही कुरणाच्या मधोमध बसलो. दंव पडलं होतं. पूर्वेला राखाडी रंग आला तेव्हा आमच्यापासून थोड्या अंतरावर एका मेंढीनं जुळ्यांतलं पहिलं कोकरू दिलं आणि दुसऱ्यासाठी पुन्हा आडवी झाली. पहिलं ओलं, वाफाळतं, पाय गोळा करत तसंच पडून राहिलं.

कोल्हा वरच्या बांधावरून उतरला. मागचा डावा पाय तो टेकवत नव्हता.

"लॅन्स," मी कुजबुजले. "बांधाकडून."

तो उभा राहिला, टाळ्या वाजवल्या, ओरडला. मीही ओरडले. मेंढ्या उधळल्या. कोल्हा क्षणभर थबकला, आमच्याकडे पाहिलं आणि तीन पायांवर पुढे आला. भूक असणार. कोकरू मानेला धरून त्यानं उचललं. मी धावले, पण माझं वय तेव्हा सदुसष्ट, आणि मध्ये ओढ्याचा चर होता.

"किती लांब आहे?" लॅन्सनं मागून विचारलं.

"साठ पावलं."

"साठ," तो म्हणाला. "मग बावीसच पुरली असती."

मी वळून पाहिलं. त्यानं मान फिरवली होती, कडेनं दिसावं म्हणून. कोल्हा डावीकडे बांध चढत होता, सावकाश, कोकराचं वजन सांभाळत, आणि लॅन्सचं तोंड उजवीकडे होतं, जिथे मी उभी होते तिथे. कोल्हा पलीकडे उतरून दिसेनासा होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, सरळ माझ्याकडे तोंड करून. बघत मात्र तो माझ्याकडे नव्हता.