पाइपाला लागलेली नजर

सकाळी नऊ वाजता कारखान्याच्या पंपघरात बावीस माणसं एका पाइपासमोर हात जोडून उभी होती. त्यात मीही होतो, कारण मीटरचे आकडे वहीत उतरवणं हे माझं काम, आणि पाइपाला काही झालं तर तेही उतरवावं लागलं असतं.

पाइपावर पट्ट्याने दोन सेन्सर बांधलेले, त्यांच्या वायरी हातात मावेल एवढ्या मीटरला जोडलेल्या. पाइप न कापता, आवाजाच्या लहरी आत सोडून हे मीटर पाण्याचा प्रवाह मोजतं. महिनाभर मात्र ते मनाला येईल तेव्हा शून्य दाखवत होतं. पंप धडधडतोय, पाणी वाहतंय, आणि मीटर म्हणतंय, छे, कुठे काय.

म्हणून मॅनेजरसाहेबांनी बोलावलेल्या यंत्रमहाराजांनी डोळे मिटले, तळहात चोळले, पट्टा सैल करून सेन्सरच्या पोटावरून फिरवले आणि पट्टा आवळला.

"प्रवाहा, प्रकट हो."

शून्याचे बेचाळीस झाले. मॅनेजरसाहेबांचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण ही पाचवी वेळ होती.

"यंत्र निर्दोष आहे," महाराज म्हणाले. "पंपवाल्याची नजर लागते. त्याची पाळी संपली की बंद. हा माणूस इथे नको."

वाईट म्हणजे, हे खरं होतं. पंपवाल्या काकांची पाळी, मग शून्य, असं माझ्याच वहीत सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. साहेबांनी खिशातून काकांना घरी बसवायचं पत्र काढलं.

"तीस वर्षं झाली, साहेब," काका एवढंच म्हणाले.

दाराशी त्यांची मुलगी डबा घेऊन आली होती. सातवा महिना, म्हणून तिला खुर्ची दिली होती.

"अप्पा, पाळी संपल्यावर तुम्ही या मीटरचं काय करता?"

"काही नाही गं. पट्टा सोडतो, सेन्सरखालची चिकट घाण पुसतो, परत बांधतो. मला चिकट चालत नाही, आईला विचार."

"ती घाण नाही अप्पा. काल सोनोग्राफीत माझ्या पोटाला असंच जेल लावलं. डॉक्टर म्हणाल्या, मध्ये हवा राहिली तर लहर आत जातच नाही." मग ती महाराजांकडे वळली. "तुम्ही जरा साबणाने हात धुऊन परत करून दाखवता?"

"पाण्याने शक्ती उतरते, बाळ."

"पाणीच मोजायला बोलावलंय तुम्हाला," मी म्हणालो.

साहेबांनी विनंती केली तेव्हा महाराजांनी हात धुतले. फिटरने सेन्सर कोरडे पुसले. प्रवाहाला तीनदा प्रकट व्हायला सांगण्यात आलं. शून्य.

मीटरच्या पेटीत जेलची जादा ट्यूब होती, पहिल्या दिवसापासून, न उघडलेली. काकांनी तोंड वाकडं करत ते सेन्सरला लावलं, पट्टा आवळला. बेचाळीस. वाईट नजरेच्या माणसाच्या हातून.

फिटरने महाराजांची झोळी उघडली, तर तळहातांना चोळायची व्हॅसलीनची डबी निघाली.

"ही कृपा आहे," ते म्हणाले.

"कुठल्या दुकानात मिळते?" मुलीने विचारलं.

साहेबांनी पत्र फाडलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तरी थोडी नजर असतेच, नाही का?" मी वहीत बेचाळीस उतरवलं.

काकांच्या पाळीनंतर मीटर बंद पडतं, हे आम्हा बाविसांनाही माहीत होतं. पाळी संपल्यावर काका काय करतात, हे महिनाभर एकानेही विचारलं नाही. मीही नाही, आणि वही माझ्याच हातात होती. तेव्हा कुणाच्या नजरेला दोष देण्याआधी त्या माणसाला विचारून बघा. बहुतेक वेळा तो सांगतो.