राखेतली पावलं

लांज्याच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळलं, की बंद पडलेल्या काजू कारखान्याची एक लांबलचक शेड लागते. गेल्या वर्षापासून दर गुरुवारी दुपारी तिथे मेलेली माणसं परत येत होती.

शपथेवर सांगणारी दोनशे माणसं सहज मिळाली असती. बाहेर रिक्षा, टेम्पो, मुंबईच्या नंबरांच्या गाड्या, चपलांचा डोंगर. आणि आत भर दुपारी दोन वाजता डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. खिडक्यांना काळे पडदे, पत्र्याच्या भोकांना डांबर. मोबाइल, बॅटऱ्या, काड्यापेट्या दारातच टोपलीत काढून घेत. कारण आत विराजमान होते श्री तमोनाथ महाराज, आणि महाराजांना उजेडाचं वावडं होतं.

वावडं फक्त नंतर. आधी मात्र चार हॅलोजन लावून अर्धा तास आरती चालायची, डोळे दिपून जायचे. हे कुणालाच खटकलं नव्हतं.

"उजेडात काय दिसतं रे बाळांनो?" महाराज माइकवरून विचारत. "माया! बायकोच्या कपाळावरच्या आठ्या, शेजाऱ्याची नवी गाडी, बाजारातली शिळी मच्छी! आणि अंधारात?"

"आत्मा!" दोनशे गळे ओरडत.

"आत्म्याला चष्मा लागतो काय?"

"नाही!"

"मग तुम्हाला बल्ब कशाला?"

आता याला काय उत्तर देणार, कपाळ! लोक टाळ्या पिटत.

त्या गुरुवारी पहिल्या रांगेत भागोजी तांडेल बसला होता. शेजारी बायको काशी, मागे लेक ज्ञानेश्वरी. तांडेल म्हणजे मच्छीमारी लाँचवरचा मुख्य माणूस, आणि भागोजीने चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरातून लाँच बाहेर काढली होती. मिट्ट काळोखात नुसत्या वाऱ्यावरून किनारा किती लांब आहे ते सांगणारा गडी. असा माणूस साठीला आल्यावर काळोखाला भ्यायला लागला. दिवेलागणीला घरातले सगळे दिवे स्वतः फिरून लावी. लाइट गेली की भिंतीला पाठ लावून बसे आणि घामाने सदरा भिजे. झोपतानाही ट्यूब चालू. "डोळ्यांना बरं वाटतं," एवढंच म्हणे.

त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी खोल समुद्रात जाळं ओढताना त्याचा सव्वीस वर्षांचा मुलगा निलेश पाण्यात पडला, आणि नेमके तेव्हाच लाँचवरचे दिवे गेले. निलेश मिळाला नाही. त्याचं काहीच मिळालं नाही.

आरती संपली. महाराजांपासून भागोजीच्या पायांपर्यंत जमिनीवर पांढऱ्या भस्माचा लांब पट्टा घातलेला होता. महाराजांचा सेवक सुजय याने त्यावर काळी घोंगडी पसरली. हॅलोजन विझले.

ज्ञानेश्वरीने मागून बापाच्या खांद्यावर हात ठेवला. सदरा घामाने भिजला होता. पार पलीकडच्या टोकाला, जमिनीवर एक पाऊल उजळलं. हिरवट, थंड. मग दुसरं. तिसरं. एकेक करत पावलं भागोजीकडे चालत आली.

"निलेश! माझ्या बाळा!" काशी किंचाळली. शेडभर हुंदके फुटले. ज्ञानेश्वरी शाळेत विज्ञान शिकवते, सातवीच्या पोरांना पुरावा मागायला शिकवते. तरी त्या क्षणी तिच्याही तोंडून "निल्या" निघालंच. धाकटा भाऊ होता तिचा.

"पोराला बापाशी बोलायचंय," अंधारातून महाराज म्हणाले. "भागोजी, येत्या अमावास्येला रात्री लाँच घेऊन जा. एकट्याने. तो जिथे गेला तिथेच. एक दिवा लावायचा नाही, सगळी यंत्रं बंद. तो हाक मारील. दिवा लागला तर कायमचा जाईल!"

अमावास्या पुढच्या शुक्रवारी होती.

घरी येऊन ज्ञानेश्वरी बापाशी भांडली. "आप्पा, दिवे विझवून एकटे खोल समुद्रात? एखादं जहाज चिरडून जाईल तुम्हाला!"

"जाईल तर जाईल," भागोजी म्हणाला.

तो रागाने बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो अगदी शांतपणे बोलला होता.

रविवारी संध्याकाळी लाइट गेली. भागोजी भिंतीला टेकला, काशी मेणबत्ती शोधायला धावली. ज्ञानेश्वरीचं लक्ष टीव्हीवर ठेवलेल्या गणपतीकडे गेलं. जत्रेत मिळतो तसला, रेडियमचा. हिरवट, थंड उजेड. तोच रंग! अर्ध्या तासात गणपती फिका पडला. तिने मेणबत्ती त्याच्या अगदी जवळ धरली, फुंकर मारून विझवली. गणपती पुन्हा उजळला. म्हणजे आधी उजेड पाजायचा आणि मग काळोख करायचा. अगं बाई, हॅलोजन!

गुरुवारी ती आईआप्पांबरोबर पुन्हा शेडमध्ये गेली, पायमोज्यात बोटाएवढी बॅटरी लपवून. आरती झाली, घोंगडी पडली, दिवे विझले. पहिलं पाऊल. दुसरं. तिसऱ्याला तिने बॅटरी लावली.

सुजय पहिल्या रांगेजवळच्या कोपऱ्यात पालथा पडला होता. हातात काळा दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक घोंगडीच्या महाराजांकडच्या काठाला. तो इंच इंच ओढत होता, तशी घोंगडी दुमडत येऊन खालची पावलं उघडी पडत होती. इतका वेळ भक्तांना रडवणारा आत्मा बॅटरीच्या उजेडात नुसता बघत राहिला, तोंड उघडं टाकून.

"पापिणी!" महाराज गरजले. "उजेड केलास! आत्मा जळला!"

"जळू दे," म्हणत ज्ञानेश्वरी पुढे झाली. तिने पावलातलं भस्म मूठभर उचललं, तळहातावर पसरलं, त्यावर बॅटरी रोखून मोठ्याने दहा आकडे मोजले आणि बॅटरी विझवली. तळहात हिरवा उजळला.

"बघा! माझ्या हातावर कोण आलाय सांगा? ही पावडर उजेड साठवून ठेवते आणि काळोखात सोडते, बास. पावलांपुरती भस्मात मिसळली, म्हणून उजेडात ओळखू येत नाही. घ्या, तुम्हीही घ्या."

तिने मिळेल त्याच्या हातावर ती राख घातली. काळोखात हात उजळत गेले. सखाराम नावाचे एक म्हातारे सहा महिने दर गुरुवारी आपल्या बायकोला भेटायला येत होते. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, मूठ मिटली, आणि ती उघडलीच नाही.

मग जे व्हायचं ते झालं. पडदे फाडले गेले, शेडमध्ये ऊन शिरलं. दोन थोबाडीत बसण्याआधीच सुजय पोपटासारखा बोलू लागला. महाराज पूर्वी सावर्ड्याच्या नाक्यावर गाड्यांच्या नंबरप्लेटवर रेडियम चिकटवायचे. पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. तमोनाथ जीपमध्ये बसताना हात जोडून म्हणत होते, "अहो, खिडकी तरी उघडा, गुदमरतंय."

ज्ञानेश्वरी जिंकली होती. निदान रिक्षात बसेपर्यंत तिला तसं वाटत होतं.

"दोन वर्षांनी पोरगा भेटायला लागला होता," काशी तिच्याकडे न बघता म्हणाली. "तो तू हाकलून लावलास."

ज्ञानेश्वरीला रडू कोसळलं. "आई, तो निल्या नव्हता गो!"

"ठाऊक हाय," भागोजी म्हणाला.

दोघी गर्रकन त्याच्याकडे वळल्या.

"पहिल्या दिवशीच मी बोटं मोजली. पाच होती. निलेशच्या डाव्या पायाची करंगळी दोरखंडात गेली होती ना, तो अठराचा असताना? म्हटलं, तिकडे गेल्यावर परत आली असेल. मग रात्री वाटलं, नाय. खोटं हाय हे."

"मग अमावास्येला का जाणार होतात, आप्पा?"

भागोजी बाहेर रस्त्याकडे बघत बोलू लागला.

"त्या रात्री तो हाका मारत होता गो. 'आप्पा, इकडे, आप्पा, इकडे.' चार वेळा. काळोखात कुठनं येतंय ते समजेना. मी लाँच वळवली ती उलट्या बाजूला. मी, चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला तांडेल! पाचवी हाक आलीच नाय. दिवा विझला की मला अजून ऐकू येतं. म्हटलं, महाराज खोटा असला तरी समुद्र खरा हाय. एकदा जाऊन बघावं."

काशीने त्याचा हात घट्ट धरला. ती आता मोठ्याने रडत होती.

"आम्हाला का नाही सांगितलंत?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"बंदरावर सांगितलं होतं एकदा, काळोखाचं भय वाटतं म्हणून. सगळे हसले. महाराज हसला नाय."

अमावास्येला लाँच धक्क्यालाच राहिली. भागोजीवर आता रत्नागिरीत एका डॉक्टरबाईंकडे उपचार चालू आहेत. त्या म्हणाल्या, मोठ्या माणसाला काळोखाची भीती वाटणं ही बाधा नाही आणि भ्याडपणाही नाही. मनाला झालेली जखम आहे, बरी होते, वेळ घेते. ट्यूब चालू ठेवून झोपायला त्यांची काही हरकत नाही. निलेश परत येणार नाही, यावर मात्र त्यांच्याकडेही औषध नाही, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. महाराजात आणि डॉक्टरात फरक आहे तो हाच.

तेव्हा वाचकहो, चमत्कार दाखवणाऱ्याला जरूर विचारा, की बाबा रे, दिवे आधी का लावतोस, मग का विझवतोस, आणि काळोखात घोंगडी कोण ओढतं. न भिता विचारा. कायदा तुमच्या बाजूचा आहे. पण असले महाराज उगवतात ते आपण मोकळ्या ठेवलेल्या जागेवर. चांगला थोराड माणूस मान खाली घालून म्हणाला, की मला काळोखाचं भय वाटतं, तर त्याला काळोखात काय दिसतं, काय ऐकू येतं ते विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. दोन वर्षांत भागोजीला हे कुणीच विचारलं नव्हतं. विज्ञान शिकवणाऱ्या त्याच्या सख्ख्या लेकीनेसुद्धा.