चोच मिटलेली टिटवी

मित्रांनो, मी एक जुनी टिटवी आहे, पण मला पिसं नाहीत. मी कागदावर जन्मले. पिवळे लांब पाय, डोळ्यापुढे लाल ठिपका आणि आ वासलेली चोच. एका कंपनीची मी खूण आहे. वकील लोक मला ट्रेडमार्क म्हणतात. तुम्ही म्हणाल, चित्राला कसलं आलंय दुःख, चिकटवलं की चिकटून राहायचं. तसं असतं तर किती बरं झालं असतं! आज मला जिवाच्या आकांताने ओरडायचं आहे, आणि ते मला जमत नाही. का जमत नाही, तेच सांगते.

मला काढलं ताईने. ती कंपनी तिचीच. तिला सगळे ताईच म्हणतात, ऑफिसातली तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. तिची लेक वेळेआधी जन्मली, मुठीएवढी. महिनाभर ती काचेच्या पेटीत होती. त्या पेटीला इन्क्युबेटर म्हणतात. बाळाच्या पोटावर एक बारीक तार चिकटवलेली असते. ती अंगाचं तापमान मोजते, आणि बाळ गार पडलं की पेटी ऊब वाढवते. ताई पेटीसमोर स्टुलावर बसून राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "हे यंत्र आत नक्की करतं काय?" कुणालाच सांगता यायचं नाही. बनवणाऱ्यांनी आतलं गणित कुलूपबंद ठेवलं होतं.

लेक घरी आली, रांगायला लागली, आणि ताईने स्वतःचं गणित मांडायला घेतलं. यंत्राने काय करायचं, त्याच्या लेखी सूचना. त्यालाच कोड म्हणतात. तिने तो लपवला नाही. कुणीही वाचा, वापरा, बदला, विका. याला ओपन सोर्स म्हणतात. "ज्याचं बाळ आत आहे, त्याला आतलं बघता आलं पाहिजे," एवढंच तिचं म्हणणं.

त्या हजारो ओळींत एक जागा ताईने सगळ्यात जपून लिहिली. तार सुटली तर काय? सुटलेल्या तारेला बाळ कळत नाही. मग पेटीने ऊब बंद करायची, पडद्यावर आकड्याच्या जागी रेघा दाखवायच्या आणि सिस्टर धावत येईपर्यंत ओरडत राहायचं. खरी टिटवी हेच करते. तिची अंडी उघड्या माळावर असतात. कुणी जवळ फिरकलं की ती आभाळ डोक्यावर घेते. म्हणून नाव ठरलं टिटवी.

"अगं, टिटवीचं ओरडणं अशुभ," सासूबाई म्हणाल्या. "मोर काढ, हंस काढ."

"आई, मोर नाचत बसेल. मला बोंबलणारी हवी."

एका वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर तिने मला काढलं. रंगवलं तिच्या लेकीने, तेव्हा ती पाच वर्षांची होती. डावा पाय रंगवताना पिवळा रंग रेघेबाहेर गेला आणि तो पाय जाडा झाला. ताईने तो तसाच ठेवला. मला त्या पायाचा फार अभिमान होता.

मग वकीलबाई आल्या, ताईची शाळेतली मैत्रीण. त्या म्हणाल्या, "कोड वाटलास, छान केलंस. टिटवी मात्र वाटू नकोस."

"का? चित्रच तर आहे."

"वॉर्डात कोड कोण वाचणार आहे, सांग बरं? सिस्टर फक्त चित्र बघणार. चित्र बघून निर्धास्त होणार. मग ते चित्र कुठे बसतं, हे बघायला नको?"

दोघींनी मिळून एक पानभर नियम लिहिले. कोड जसाच्या तसा असेल, तपासलेला असेल, तर त्यावर टिटवी खुशाल लावा. कोड बदलला तरी आमची ना नाही, 'हे टिटवीवरून बनवलं' असं खरं खरं सांगा, पण मग टिटवीचं चित्र काढून टाका आणि स्वतःचं नाव, स्वतःची खूण लावा. चित्रात काडीचाही फेरफार नको. चोच उघडी, डावा पाय जाडा. आणि आपल्या दुकानाला टिटवीचं नाव देऊन आम्हीच टिटवीवाले आहोत असं भासवू नका.

वकीलबाई जाता जाता उंबऱ्यात थांबल्या. "नियम नुसते लिहून भागत नाही हं. कुणी मोडले की तिथल्या तिथे हटकायचं, मग तो कुणी का असेना. खुणेची राखण केली नाहीस, तर ती हळूहळू कुणाचीच राहत नाही."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. ताईच्या ते लक्षात होतं. तरीही जे व्हायचं ते झालं.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. एकेका दवाखान्यात मी पोहोचले. पडद्याच्या कोपऱ्यात बसायचे. दिवसातून दोन-चारदा तार सुटायची, मी किंचाळायचे, सिस्टर धावायच्या. त्या वैतागायच्या, "आली बाई, आली, गप बस!" पण जाताना पडद्यावर टिचकी मारून जायच्या, गुणी म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी. नव्या आयांना त्या सांगायच्या, "टिटवी आहे ना, मग डोळा लागला तरी चालेल तुमचा." याहून मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही. आज तेच वाक्य आठवलं की माझा रंग उडतो.

कारण मग आले भावोजी, म्हणजे ताईचे धाकटे दीर. माणूस वाईट नव्हे. हसरा, बोलघेवडा, दवाखान्यांना यंत्रं पुरवण्याचं दुकान चालवणारा. एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "वहिनी, तुमची टिटवी फार बोंबलते हो. तार जरा हलली की थयथयाट. गिऱ्हाईकं कटकट करतात. मी जरा समजावतो तिला."

"समजवा की. कोड तुमचा तुम्ही बदला, पण मग टिटवी काढा तिथून. कावळा लावा, चिमणी लावा, नाहीतर स्वतःचा फोटो लावा."

"माझा फोटो बघून पेटी कोण घेईल?"

सगळे हसले. ताईही हसली. तिथेच विषय संपला, आणि तिथेच तो सुरू झाला.

भावोजींनी कोड बदलला. तो त्यांचा हक्कच होता. त्यांनी काय केलं? तार सुटली की पडद्यावर रेघा येतात, रेघा बघून लोक घाबरतात. म्हणून त्यांच्या पेटीने शेवटचा चांगला आकडा तसाच धरून ठेवायचा, आणि ओरडायचं नाही. मला मात्र त्यांनी काढलं नाही. माझ्या नावावरच पेट्या खपत होत्या ना! पुढे कुणीतरी म्हणालं, हा पक्षी दचकवतो. मग त्यांनी माझी चोच मिटवली. डावा पायही सरळ करून टाकला. "आता कशी शहाणी दिसते," असं ते स्वतःशीच म्हणाले. मी ऐकलं.

घरच्या ग्रुपवर त्यांनी नव्या पेट्यांचा फोटो टाकला. ताईने तो बोटांनी मोठा करून पाहिला. चोच पाहिली, पाय पाहिला. तिचा चेहरा उतरला. त्याच दिवशी तिने पत्र लिहिलं. कागदाच्या माथ्यावर मी होते, चोच उघडी असलेली. 'आपण बदललेल्या कोडवर आमची खूण लावली आहे. ती ताबडतोब काढावी आणि पेट्या कुठे कुठे गेल्या ते कळवावं.'

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "एका ताटात जेवलेल्या माणसाला नोटीस धाडतेस?"

"नोटीस नाही, आई, विनंती आहे."

"वकिलाच्या भाषेतली विनंती म्हणजे नोटीसच. चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवशील की नाही? घरचा आहे तो. बोलू की कधीतरी सावकाश."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ताईने पत्र पाठवलं नाही. कंप्युटरच्या कोपऱ्यात ते तसंच पडून राहिलं, चौदा महिने. मी त्याच्या माथ्यावर आ वासून बसले होते.

आता त्या दुपारविषयी सांगते.

एका वॉर्डात चार पेट्या होत्या, तीन जुन्या आणि एक भावोजींची. त्या चौथ्या पेटीत एक मुलगी होती, नऊ दिवसांची, नाव न ठेवलेली. तिने पाय झाडला आणि पोटावरची तार सुटली. पडद्यावर ३६.२ होतं. ते ३६.२ च राहिलं. पेटीला वाटलं, बाळ अजून थोडं गार आहे. तिने ऊब वाढवली. थोड्या वेळाने आणखी वाढवली. आकडा हलेना, म्हणून पुन्हा वाढवली. मला सगळं दिसत होतं. लहानगी आधी लाल झाली, मग तिचं रडणं बारीक झालं, मग थांबलं.

तिची आई शेजारीच बसली होती. "बाई गं, किती शांत झोपलीये," ती म्हणाली.

तरुण सिस्टर येऊन पडदा बघून गेली. "छत्तीस पॉइंट दोन. मस्त. टिटवी आहे ना, काळजी करू नका."

मित्रांनो, मी कोपऱ्यात होते. हिरव्या उजेडात, चोच मिटून, शहाणी दिसत.

पाऊण तासाने मोठ्या सिस्टर आल्या. तीस वर्षं नोकरी झालेली बाई. कुठल्याही यंत्राशी पटत नाही तिचं. जाता जाता तिने सवयीने झरोक्यातून हात आत घातला. "अगं ए, हिला चटका बसतोय! बंद करा ते! उघडा!" मग नुसती धावाधाव. ओले कपडे, डॉक्टर, आईचा आक्रोश.

मुलगी वाचली. दोन दिवस तिने डोळे उघडले नाहीत, तिसऱ्या दिवशी दूध घेतलं.

मोठ्या सिस्टरने जुन्या पेटीवरचा फोन नंबर शोधून ताईला गाठलं. "तुमची टिटवी गप्प बसली, बाई. पोर भाजून निघाली असती."

"माझी टिटवी गप्प बसत नाही," ताई म्हणाली. मग तिचा आवाजच बदलला. "सिस्टर, जरा बघून सांगा. चोच कशी आहे तिची?"

फोनवर पावलं वाजली, थांबली.

"मिटलेली."

ताई तशीच उठली आणि भावोजींच्या दुकानात गेली. चौदा महिन्यांचं पत्र तिने छापून त्यांच्यापुढे ठेवलं. भावोजी ते दोनदा वाचून खाली बसले. "वहिनी, मला वाटलं, चित्रच तर आहे."

"पेट्या किती गेल्या?"

"बावीस."

दोघांनी मिळून एकेका दवाखान्याला फोन केला. एकोणीस पेट्या सापडल्या, त्याच आठवड्यात बंद झाल्या. उरलेल्या तीन कुणीतरी कुणालातरी विकल्या होत्या, आणि त्याने आणखी कुणाला. त्यांचा माग लागत नाही. ताई अजून फोन करते. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच विचारते, "चोच कशी आहे?"

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी बनवाल, ते जगाला वाटाल. जरूर वाटा. दुसऱ्याचं घेऊन बदलाल, तेही करा. पण बदललंत तर त्यावर स्वतःचं नाव घाला, दुसऱ्याच्या शब्दाच्या आड उभे राहू नका. आणि आपल्या खुणेला कुणी हात लावला, तर तो घरचा असला तरी त्याच दिवशी त्याला सांगा. आणि यंत्रावर खूण कितीही ओळखीची असली, तरी आत हात घालून बघा.

त्या तीन पेट्या कुठे आहेत, ते मला ठाऊक आहे. मी तिथेच आहे, तिन्हींच्या पडद्यांवर. एकीत आता एक बाळ झोपलं आहे. ते पाय झाडतं आहे.

माझी चोच मिटलेली आहे.