उंदीर ऐकतो म्हणून

खोडदच्या देवळापुढे मांडव घातला होता आणि त्या मांडवात मेलेल्या उंदरांची रांग लावली होती. कुणी घमेल्यातून, कुणी बादलीतून, कुणी खताच्या रिकाम्या गोणीतून आपापल्या घरचे उंदीर आणत होतं आणि बाया त्यांना हळदकुंकू वाहत होत्या. रांगेच्या टोकाला करडी शाल पांघरून मूषकनाथ महाराज बसले होते. हातात माइक होता आणि तो सकाळपासून खाली ठेवलेला नव्हता.

"हत्या पाप है, माउली," महाराज सांगत होते. "उंदीर म्हणजे गणरायाचा सेवक. आम्ही त्याला मारत नाही, नुसती रजा देतो. अट एकच. अंगारा ठेवलात की त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. घरच्या माणसाशीसुद्धा नाही. उंदीर ऐकतो."

माना डोलल्या. उंदीर ऐकतो हे गावाला महाराजांनी शिकवायची गरजच नव्हती. उंदराचं औषध घरात आणलं की बाया ते डोळ्यांनी सांगतात, तोंडानं नाही. ज्या गावच्या शिवारात आकाशातलं ऐकायला रेडिओ दुर्बिणीच्या एवढाल्या छत्र्या उभ्या आहेत, तिथं उंदीर ऐकेल म्हणून माणसं कुजबुजत होती. महाराजांचा अंगारा गुळाच्या कणकेत मळायचा, गोळ्या करून कणगीमागे, माळ्यावर, कांद्याच्या चाळीत ठेवायच्या आणि गप्प बसायचं. चार-पाच दिवसांत उंदीर भर उन्हात झोकांड्या खात बाहेर यायचे आणि अंगणात आडवे व्हायचे.

सुनील गाडेकरची पंचाईत इथंच होती. तो गावातल्या जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर. हवेतून अंगठ्या काढणारे बाबा त्यानं पाहिले होते, पण या बाबाचे उंदीर खरोखर मरत होते. शिवाय सुनील आता थकला होता. गाय तापली की आधी गळ्यात दोरा बांधायचा आणि ती बसली की डॉक्टरला फोन करायचा, हे इतकी वर्षं बघून त्याची वाद घालायची हौस संपली होती. इंजेक्शन द्यायचं आणि निघायचं, एवढंच त्यानं स्वतःला लावून घेतलं होतं.

मग मांजरं यायला लागली. हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, अंग गार. उंदरांची हाय लागली, असं लोक म्हणत. दुसरं मांजर टेबलावर मेलं तेव्हा सुनीलला उलगडा झाला. रक्त गोठू न देणारं उंदराचं औषध असतं. ते खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला की मांजरही जातं. अंगाऱ्यात विष आहे, असं त्यानं मांजरवाल्याला सांगितलं. तो घाबरून म्हणाला, "डॉक्टर, हळू बोला राव." आणखी दोघातिघांना सांगून पाहिलं, तर ढोराच्या डॉक्टरनं देवाच्या कामात पडू नये असं ऐकून घ्यावं लागलं.

त्याच आठवड्यात गोजरबाईंच्या शेळीला बघायला तो त्यांच्या घरी गेला. ओट्यावर त्यांची चार वर्षांची नात श्रेया आईच्या मांडीवर पडून होती. नाकाला लावलेलं फडकं लाल झालं होतं आणि नडग्यांवर निळे डाग उठले होते. तिची आई मोहिनी रडून रडून कोरडी झाली होती. तिनं सांगितलं की रक्त कालपासून थांबत नाही, सासूबाई दवाखान्यात नेऊ देत नाहीत. घरातलं कुणीतरी बोललं म्हणून गणरायाचं वाहन कोपलं, आता चतुर्थीपर्यंत पोरीनं वेस ओलांडायची नाही, असा महाराजांचा हुकूम होता.

सुनीलनं पोरीचा ओठ जनावराचा उचलतात तसा उचलून पाहिला. हिरड्या मांजरासारख्याच झाल्या होत्या.

"आजी, हिनं काय खाल्लं?"

गोजरबाईंनी मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले आणि नजर कणगीकडे.

"उंदीर ऐकेल म्हणून गप्प आहात ना? ऐकू द्या त्याला. ऐकलं तर उंदीर वाचेल. तुम्ही नाही बोललात तर ही वाचायची नाही."

म्हातारी कणगीकडे पाठ करून बसली. "गुळाच्या गोळ्या व्हत्या, अंगाऱ्याच्या," ती म्हणाली. "पोरगी खाताना म्या पाह्यलं. हातातली एक काढून घेतली. वरडावं वाटलं, पर तोंडातनं आवाज काढला न्हाई. आधी किती खाल्ल्या, म्हाईत न्हाई मला."

मोहिनीनं पोरीला उचललं आणि सरळ सुनीलच्या गाडीत जाऊन बसली. कणगीमागची एक गोळी त्यानं पिशवीत बांधून बरोबर घेतली आणि निघतानाच नारायणगावच्या दवाखान्यात फोन करून कसलं विष असावं ते सांगितलं. तिथं पोरीला रक्त चढवलं, जीवनसत्त्व के ची इंजेक्शनं सुरू झाली. चतुर्थीपर्यंत थांबला असतात तर पोर हाती लागली नसती, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुनील मांडवात गेला. मागे गोजरबाई होत्या आणि त्यांचा मुलगा सूरज. सुनीलनं ती गोळी महाराजांपुढे धरली आणि प्रसाद घ्या म्हणाला. महाराजांनी माइकवरूनच जाहीर केलं की आज आमचं मौन आहे. पहिल्यांदाच मांडवात कुणीतरी हसलं. तोवर सूरजनं आणि चार पोरांनी महाराजांच्या गाडीची डिकी उघडली होती. राखेच्या पोत्याखाली उंदीर मारायच्या औषधाची रिकामी पाकिटं होती. पोलीस आले तेव्हा कळलं की महाराज पूर्वी गोदामांत उंदीर मारायची कंत्राटं घ्यायचे.

"पर डॉक्टर," गर्दीतले दादाभाऊ म्हणाले, "उंदीर ऐकतो हे तरी खरं का न्हाई? आमी बोलून औषध ठिवलं तवा कवाच मेला न्हाई."

सुनील पायरीवर टेकला. उंदीर हुशार असतो, त्यानं सांगितलं, पण कानानं नाही, जिभेनं. नवी वस्तू दिसली की तो आधी कणभर चाखतो. जुन्या काळ्या औषधानं लगेच पोट दुखतं, मग वाचलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही आणि आपण म्हणतो, त्यानं ऐकलं. हे नवं औषध चार दिवस काहीच जाणवू देत नाही, म्हणून तो खात राहतो. आणि एवढं करूनही उंदीर परत येणार. करंगळीएवढ्या भोकातून लहान उंदीर घरात शिरतो. भोकं सिमेंटनं बुजवा, दाराच्या खालच्या फटीला पत्रा मारा, पोती भिंतीपासून लांब फळीवर ठेवा, खरकटं रात्रभर उघडं टाकू नका. हे सांगताना त्याचं त्यालाच कंटाळवाणं वाटत होतं. यात चमत्कार नव्हता, नुसतं काम होतं, आणि निम्मे लोक उठून चाललेही होते.

गोजरबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंग म्या तवा वरडले असते तर?"

सुनीलला खोटं बोलावंसं वाटलं. पण खोट्यानंच तर हे सगळं झालं होतं.

"तर पोरीला लगेच दवाखान्यात नेलं असतं, आजी," तो म्हणाला. "आणि उंदीर तरीही मेले असते."

म्हातारी तिथंच खाली बसली. सुनील तिच्याजवळ बसला. मौनाची गरज उंदरांना नव्हती, महाराजांना होती, हे आता तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं. तुमच्या घरात विष ठेवायची वेळ आलीच, तर आधी घरभर मोठ्यानं सांगा आणि पोराचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. आणि कुणी गप्प बसायची अट घातली, तर ती कशासाठी, एवढं त्याला चारचौघांत विचारा. उंदराला आपलं बोलणं कळत नाही, पोरांना कळतं.