लगेच सुरू होण्याचा बिघाड

काकांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, पण त्याबद्दल काकांची काहीच तक्रार नव्हती. सकाळी बटण दाबलं की तो आधी खोकायचा, मग घरघरायचा, मग निळा पडून विचार करत बसायचा. तो सुरू होईपर्यंत काकांचा चहा, पेपर आणि एक छोटी डुलकी निवांत उरकायची. मुख्य म्हणजे साप्ताहिकासाठी ते जे शब्दकोडं रचायचे, त्यातले सगळे शब्द त्यांना याच वेळात सुचायचे. काकूंनी कुठलंही काम सांगितलं की काका म्हणायचे, "थांब गं, कॉम्प्युटर सुरू होतोय." आणि ते खोटंही नसायचं.

पण त्याची जुनी सिस्टीम आता कंपनीनेच वाऱ्यावर सोडली होती, आणि साप्ताहिकाची ईमेल त्यावर उघडेना. म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी पुतणी पेनड्राइव्ह घेऊन आली.

"नवी सिस्टीम याला पेलायची नाही, काका. श्वास लागेल. लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकू. त्यात एक हलकी आहे, एक फार हलकी आहे, आणि एक तर अशी की आहे की नाही तेच कळत नाही."

"त्यातल्या त्यात आळशी कोणती?"

"लोक माझ्याकडे वेगवान मागायला येतात."

"लोकांना शब्दकोडी रचायची नसतात."

पुतणीने हसून फार हलकी टाकली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी बटण दाबलं. खुर्ची ओढून बसेपर्यंत कॉम्प्युटर सुरू होऊन त्यांच्याकडे बघत होता. चहा अजून गाळलाही नव्हता. समोर कोड्याची कोरी घरं, आणि डोक्यातही तेवढीच कोरी घरं.

"झाला ना सुरू?" स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "मग माळ्यावरचे डबे उतरवून द्या. कधीपासून सांगतेय."

तेवढ्यात संपादकबाईंचा फोन. कोडं उद्या संध्याकाळपर्यंत हवं, नाहीतर त्या जागी डासांच्या अगरबत्तीची जाहिरात जाईल. इतक्या वर्षांची हक्काची जागा, आणि तिथे डास! दिवसभर डोकं खाजवून कसंबसं कोडं भरलं, पण कोपऱ्यातली चार घरं काही केल्या भरेनात. त्यांनी पुतणीला फोन लावला.

"बिघडलाय गं."

"काय होतंय?"

"लगेच सुरू होतो."

"येते," ती म्हणाली. " जरा काकूंना द्या फोन."

संध्याकाळी पुतणी येऊन काहीतरी करून गेली. सकाळी काकांनी बटण दाबलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. खाली अक्षरं उमटत होती: 'फायलींना झोपेतून उठवत आहे.' मग, 'कीबोर्डची समजूत काढत आहे.'

"बघ, किती राबतोय बिचारा!" काका चहाचा घोट घेत म्हणाले.

पट्टी शेवटाला आली आणि अडकली. नवी अक्षरं आली: 'माळ्यावरचे डबे खाली येण्याची वाट पाहत आहे.'

काकांनी चष्मा पुसला. डबे तिथेच होते. त्यांनी पुतणीला फोन केला.

"काका, पुढची कळ काकूंना ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यात मी काही करू शकत नाही. सिस्टीमच तशी आहे."

काका निमूट स्टुलावर चढले. खाली काकू हात वर करून उभ्या. चार डबे उतरले. पाचवा उतरवता उतरवता काका थबकले.

"टा-वरून चार अक्षरी शब्द सांग बरं. कोपऱ्यात अडलोय."

"टाळाटाळ," काकू म्हणाल्या. "द्या तो डबा."

काका डब्यासकट स्टुलावर तसेच उभे राहिले. बोटांवर अक्षरं मोजली. बसत होतं. उभंही बसत होतं आणि आडवंही.

काकूंनी पदराला हात पुसले आणि जाऊन एक कळ दाबली. कॉम्प्युटर सुरू झाला. काकांनी शब्द भरला आणि खाली सूचक वाक्य लिहिलं: 'काम न करण्याचं काम'. ईमेल गेली, डास हुकले.

"उद्या काय उतरवायचंय?" त्यांनी जरा दबकतच विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "उद्या पंखे पुसायचेत."