चंद्रावर जाऊन आलेली पाटी

चंद्रावर यान पाठवायचं आणि तिथली माती परत आणायची, असं आमच्या संस्थेनं ठरवलं, तेव्हा पहिली बैठक मातीवर झाली नाही. ती पाटीवर झाली.

कल्पना मोठ्या साहेबांची. पितळेची पाटी, वर साहेबांचं नाव, खाली उपसाहेबांची. उतरत्या हुद्द्यानं आणि उतरत्या अक्षरांत. ती चंद्रावर जाणार, परत येणार आणि साहेबांच्या खुर्चीमागं भिंतीवर लागणार.

"अशी पाटी जगात कुणाच्या खुर्चीमागं आहे का?" साहेबांनी विचारलं.

नव्हती. बाकीच्या जगानं चंद्रावरून नुसती मातीच आणली होती. त्यांना तेवढंच सुचलं.

अडचण वजनाची होती. परत येणाऱ्या भागात हरभऱ्याएवढी वस्तूसुद्धा तोलूनमापून ठेवतात. पाटी आत घ्यायची तर काहीतरी बाहेर काढणं भाग होतं. साहेबांनी खोलवरची माती भरून आणणारी गिरमिटाची नळी बाहेर काढली.

"वरवरची माती काय वाईट आहे? शेवटी मातीच ना?"

हे त्यांनी मातीबाईंना विचारलं. मातीबाई म्हणजे आमच्या माती विभागाच्या प्रमुख. सगळी नोकरी त्यांनी ज्वालामुखीचा दगड कुटून केलेल्या नकली चांद्रमातीवर प्रयोग करण्यात घालवली होती. "आमच्या आईनं आयुष्य मातीत घातलं, आणि तेही खोट्या," असं त्यांची मुलगी म्हणायची. बाई हसायच्या. खरी चमचाभर हाताखालून गेली की निवृत्त व्हायला मोकळी, म्हणायच्या. निवृत्ती तोंडावर आली होती.

"वरची चालेल," बाई म्हणाल्या. न चालून सांगतात कुणाला?

पाटी बसवायची कुठं, यावर साहेब ठाम होते. मातीच्या डब्यातच. चंद्राचा स्पर्श नको का व्हायला? मग डब्याच्या तोंडाशी, आतल्या कडेला, दोन चापांत ती उभी केली. पाटी कोरून दिली ती साहेबांच्या मेव्हण्यांनी, आणि चापही त्यांनीच केले. मेव्हण्यांचा धंदा नामफलकांचा.

"चंद्रावर टिकतील ना?" बाईंनी विचारलं.

"ताई, दवाखान्याबाहेर आमचा बोर्ड पंधरा वर्षं आहे. तसूभर हललेला नाही."

दवाखानाही हललेला नव्हता, हे कुणी बोललं नाही.

यान उतरलं. उतरताना हिसका बसला, चाप निसटले आणि पाटी डब्याच्या तोंडावर आडवी पडली. नावं वर. यांत्रिक हात हा आमच्यातला सर्वांत आज्ञाधारक कर्मचारी. त्यानं माती उकरली आणि पाटीवर ओतली. माती घसरून खाली पडली. त्यानं पुन्हा उकरली, पुन्हा ओतली. आम्ही इकडे पडद्यावर बघत होतो आणि साहेब टाळ्या वाजवत होते, कारण पडदाभर त्यांचं नाव दिसत होतं.

"साहेब, यांत्रिक हातानंच पाटी बाजूला सारू या," बाई उठून उभ्या राहिल्या. "आत काहीच जात नाहीये!"

"खबरदार! ओरखडा पडेल."

उपसाहेबांनीही माना डोलावल्या. त्यांचीही नावं होती. मग वरून झाकण बसलं आणि यान परत निघालं.

डबा आमच्याकडे काचेच्या बंद पेटीत उघडला. हवा लागून माती बिघडू नये म्हणून आत नायट्रोजन, बाजूला रबरी हातमोजे बसवलेले. त्यांत हात घालूनच काम करायचं. डबा रिकामा होता. पाटीच्या कोरीव अक्षरांत मात्र करडी धूळ ठासून बसली होती. साहेबांच्या नावात सर्वांत जास्त, कारण ते सर्वांत खोल कोरलं होतं.

साहेबांनी काचेला नाक लावलं. "हे काय? नाव वाचता येत नाही! पुसून काढा. उद्या अनावरण आहे."

"साहेब, हीच माती आहे. आपल्याला मिळाली ती एवढीच."

"बाई, माझ्या नावात घाण बसलीय आणि तुम्ही तिला माती म्हणता?"

"ओलं फडकं आणा," मेव्हणे अस्तन्या सारत पुढे झाले. "दोन मिनिटांचं काम. कडी कुठनं निघते हिची?"

त्यांचा हात कडीवर गेला. बाईंनी आपला हात त्यावर ठेवला आणि साहेबांकडे पाहून गोड हसल्या. बाईंना इतकं गोड हसताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"तुमचंच बरोबर आहे, साहेब. मीच पुसते. फक्त ओल्यानं डाग पडतील. कोरड्या ब्रशनं, एकेक अक्षर करावं लागेल. आणि मोठ्या नावाला वेळही मोठाच लागतो."

"किती?"

"तुमच्या एकट्याच्या नावाला आठवडा जाईल."

साहेब सुखावले. अनावरण पुढं गेलं.

बाईंनी प्रत्येक नावाची धूळ वेगळ्या कुपीत झटकली आणि कुपीवर ते ते नाव लिहिलं. हे कळताच उपसाहेब एकेक करून आपापली कुपी बघून गेले. "माझ्यात एवढीच?" म्हणून एकजण रुसला. त्याचं नाव उथळ कोरलं होतं म्हणून त्यानं मेव्हण्यांशी कायमचा अबोला धरला.

पाटीचं अनावरण थाटात झालं. पाटी लखलखत होती. चंद्राचा एक कण तिच्यावर उरला नव्हता. चंद्राच्या स्पर्शानं ती कशी पावन झाली आहे, यावर साहेब तासभर बोलले. माती किती आली, हे सभागृहात कुणीही विचारलं नाही.

बाई समारंभाला नव्हत्या. त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. मुलीचा फोन आला.

"आई, मिळाली का गं चमचाभर?"

"चमचाभर नाही. चिमूटभर. पण खरी आहे."

"डब्यात?"

"डब्यात कुठली! मोठ्या साहेबांच्या नावात." बाईंनी डोळा पुन्हा भिंगाला लावला. "त्या नावाचा उपयोग झाला, असं ह्या नोकरीत पहिल्यांदाच बघतेय."